‘हट्टी’ : एका विशेषणाची चिकित्सा

समीक्षेच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना विशेषणांविषयी सावध राहायला शिकवतो. कवितेला ‘सुंदर’ म्हटले की विचार तिथेच थांबतो. म्हणून अशा शब्दाखाली रेघ मारून समासात ‘म्हणजे काय?’ असे लिहिण्याची माझी जुनी सवय आहे. ही सवय वर्गाबाहेर नेण्याचे मला कधी सुचले नव्हते. ते सुचले दापोड्यात, एका सात वर्षांच्या मुलाच्या निमित्ताने. ज्या शब्दाखाली रेघ मारावी लागली, तो शब्द होता ‘हट्टी’.

दापोडे हे भिवंडी तालुक्यातले गाव. मुंबई-नाशिक महामार्गावरच्या माणकोली नाक्याहून अंजूरफाट्याकडे जाताना ते लागते. एके काळी भातशेतीचा असलेला हा पट्टा आता गोदामांचा झाला आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल साठवण्याची सोय म्हणून ही गोदामे वाढली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली, गोदामे मात्र राहिली. त्यामुळे या गावाचा ध्वनी आता ठरून गेलेला आहे. मागे येणाऱ्या कंटेनरची पीप-पीप, लोखंडी शटर खाली येतानाचा खडखडाट, खोकी आपटल्याचे आवाज, आणि लग्नसराईत हळदीच्या रात्री डीजे. गावच्या माणसांना यातले काही ऐकूच येत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे.

माझी एक विद्यार्थिनी या गावची. तिच्या घरच्या हळदीला गेलो असताना तिचा भाचा पाहिला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आगेमागे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि शरीराची ठेवण यांवर कायमचा परिणाम करणारी ही अवस्था. इजा वाढत नाही, पण तिचे परिणाम आयुष्यभर सोबत असतात. दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांच्या वाट्याला ती येते. हा मुलगा दिवस भरण्याआधी जन्मला. त्याचे पाय ताठर आहेत, हात त्यामानाने बरे. बोलणे चार-सहा शब्दांचे, समज मात्र चांगली. पाहुण्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: “चालतो का?” आणि घरच्यांनी प्रत्येकाला उत्तराला जोडून एक वाक्य सांगितले: “पोर हुशार हाय, पण लय हट्टी.”

हट्टाचे पुरावेही दिले गेले. डीजे सुरू झाला की अंग ताठ करून रडतो, मांडीवरून निसटायला बघतो. ओली हळद गालाला लावली की तोंड फिरवतो. भरवताना चमचाच चावून धरतो, सोडत नाही. उजव्या हातात खेळणे दिले तर टाकून देतो, लक्षच देत नाही. कडेवरून खाली ठेवायला गेले की गळ्याला मिठी मारतो. एका ज्येष्ठ नातलगांनी तर निष्कर्षही काढला, की लाडावलेला आहे, दोन धपाटे दिले की सरळ होईल. ते क्रूर गृहस्थ नव्हते. पुढे तासभर त्याच मुलाला त्यांनी खांद्यावर घेतले होते.

हे पाचही पुरावे आता एकेक करून तपासू.

अचानक आवाज झाला की तान्हे मूल दोन्ही हात फेकून दचकते. बहुतेक मुलांत ही प्रतिक्रिया काही महिन्यांत मावळते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या पुष्कळ मुलांत दचकणे तीव्र राहते आणि दचकले की स्नायूंचा ताठरपणा आणखी वाढतो. म्हणजे डीजेचा प्रत्येक ठोका त्या मुलाच्या पायांत उमटत होता. तो अंग ताठ ‘करत’ नव्हता, अंग ताठ ‘होत’ होते. व्याकरणात आपण सकर्मक-अकर्मक शिकवतो. इथे त्या भेदावर धपाटा अवलंबून होता. दुसरा पुरावा हळदीचा. हलका, ओला, न सांगता झालेला स्पर्श काही मुलांना असह्य होतो, तर तोच हात घट्ट आणि संथ ठेवला तर ती शांत होतात. चमचा चावण्याचे कारण आणखी सरळ आहे: हिरडीला किंवा दाताला काही लागले की जबडा आपोआप मिटण्याची एक प्रतिक्षिप्त क्रिया या मुलांत टिकून राहते. चमचा ओढला की पकड घट्ट होते. थांबले, मान किंचित पुढे राहील असे बसवले, की थोड्या वेळाने सुटते. उजव्या हाताचे म्हणावे, तर पकडलेली वस्तू डोळ्यांनी न पाहता ओळखणे, आपला हात कुठे आहे हे न पाहता कळणे, हेच त्या हाताला नीट जमत नसेल, तर नजर हटताच वस्तू ‘नाहीशी’ होते. मूल वस्तू टाकत नाही. वस्तू त्याच्या लेखी हातात उरलेलीच नसते. आणि खाली ठेवताना मारलेली मिठी? ज्याला स्वतःच्या तोलाची खात्री नाही त्याला जमीन अचानक जवळ येणे म्हणजे पडणेच.

हे मी माझ्या ज्ञानाने लिहीत नाही. त्या हळदीनंतर जे वाचले, व्यवसायोपचाराच्या एका शिक्षिकेकडून जे समजून घेतले, त्याचा हा सारांश आहे. या निदानात चूक असू शकते. प्रत्येक मुलाची तपासणी निराळीच व्हायला हवी. परंतु एका शब्दाने पाच वेगवेगळ्या गोष्टी झाकल्या होत्या, एवढे मात्र भाषेचा शिक्षक म्हणून मी खात्रीने सांगू शकतो.

हा दोष केवळ दापोड्याचा नाही. वैद्यकाची भाषाही बराच काळ याच वाटेने गेली. या अवस्थेचे पहिले व्यवस्थित वर्णन करणारे इंग्रज शल्यवैद्य विल्यम जॉन लिटल यांनी १८६१-६२ मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्र-मंडळापुढे निबंध वाचला, तेव्हा शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डचाही दाखला दिला होता. वैद्यकाला साहित्याची आठवण व्हावी याचा आपल्याला आनंद वाटेल. पण दाखला होता तो दिसणाऱ्या शरीराचा, बाहेरून पाहिलेल्या वाकलेपणाचा. पुढे १९६४ साली मार्टिन बॅक्स यांनी मांडलेली व्याख्या अनेक दशके प्रमाण मानली गेली. तिच्यात हालचाल आणि शरीराची ठेवण एवढ्याच गोष्टी आहेत. वस्तुतः १९५४ सालीच टिझार्ड, पेन आणि क्रोदर्स या डॉक्टरांनी शरीराची एक बाजू अधू असलेल्या मुलांमधील संवेदनांच्या दोषांवर निबंध प्रसिद्ध केला होता. माहिती होती, व्याख्येत तिला जागा नव्हती. ती मिळाली २००७ साली, पीटर रोझेनबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या व्याख्येत. हालचालींच्या अडचणींबरोबर संवेदन, आकलन, संप्रेषण आणि वर्तन यांतही पुष्कळदा बिघाड असतो, हे त्या व्याख्येने स्पष्ट नोंदवले. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सेरेब्रल पाल्सीला एकवीस प्रकारांमध्ये स्वतंत्र नाव दिले, हे मोठेच पाऊल. तथापि कायद्याच्या अनुसूचीतील व्याख्या पुन्हा शरीराच्या हालचाली आणि स्नायूंचा समन्वय यांपाशीच थांबते. “चालतो का?” हा प्रश्न हळदीच्या मांडवातला आहे असे आपण समजतो, तो कायद्याच्या पुस्तकातही आहे.

आता साहित्याकडे येऊ. मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत अपंग मूल पुष्कळदा येते, ते बहुधा इतरांची परीक्षा पाहण्यासाठी. आई किती सोसते, बाप कसा पळ काढतो, समाज कसा निष्ठुर आहे, हे त्या मुलाच्या निमित्ताने उलगडते. मुलाला काय ऐकू येते, त्याच्या अंगाला सदरा कसा लागतो, हे क्वचितच कळते. अपवाद आहेत. २००४ सालच्या ‘श्वास’ या चित्रपटात दृष्टी गमावणार असलेल्या मुलाला आजोबा शेवटचे जग दाखवून आणतात. तिथे पाहणे हीच घटना होते. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आहे. पक्षाघात झालेल्या देहाशी रोज करावा लागणारा व्यवहार तिथे आतून सांगितला आहे. पण सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसाने स्वतः सांगितलेले जग हवे असेल तर मला मराठीबाहेर जावे लागते. क्रिस्टी ब्राऊन या आयरिश लेखकाचे ‘माय लेफ्ट फूट’ १९५४ चे, म्हणजे वर उल्लेखिलेल्या वैद्यकीय निबंधाच्याच वर्षीचे. त्याच देशातल्या क्रिस्टोफर नोलनने डोक्याला बांधलेल्या काठीने टंकलेखन करून लिहिलेले ‘अंडर द आय ऑफ द क्लॉक’ १९८७ चे. आणि जवळचे म्हणजे मुंबईच्या मालिनी चिब यांचे ‘वन लिटल फिंगर’. त्यांच्या आई मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी केली. ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ हा शोनाली बोस यांचा चित्रपट मालिनींच्या आयुष्यावरून सुचलेला. त्याच्या नावातली ती साधी नळी मला महत्त्वाची वाटते. पेला ओठाला लावणे ज्याला अवघड आहे, त्याच्यासाठी ती नळी म्हणजे कुणाच्या हाताने न पिण्याची मुभा आहे.

मराठीला या बाबतीत शब्दांचे दारिद्र्य आहे काय? मुळीच नाही. उलट संवेदनांच्या शब्दांत आपली भाषा विलक्षण श्रीमंत आहे. बोचणे, टोचणे, खुपणे, रुतणे, सलणे, काचणे, चरचरणे, हुळहुळणे हे सगळे स्पर्शाचेच प्रकार, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. खडखड, धडधड, भणभण, ठणठण ऐकताच कोणता आवाज आणि किती जवळचा हे कळते. गिळगिळीत, बुळबुळीत, भरभरीत, चिवट, पचपचीत हे शब्द जिभेने आणि बोटांनी घडवलेले. बालकवींपासून मर्ढेकरांपर्यंत इंद्रियसंवेद्य प्रतिमा आपण शिकवतो. मर्ढेकरांचा तर सारा सौंदर्यविचार संवेदनांच्या लयबद्ध रचनेपाशी येऊन ठेपतो. त्यावर प्रश्न काढतो, गुण देतो. आणि घरातले मूल गिळगिळीत घासाला तोंड फिरवते तेव्हा म्हणतो, हट्टी आहे. परीक्षेसाठी पाळलेली ही सूक्ष्मता जेवणाच्या पाटापर्यंत येत नसेल, तर आपल्या अध्यापनात कुठेतरी खोट आहे.

रशियन समीक्षक श्क्लोव्हस्की यांचा १९१७ सालचा अपरिचितीकरणाचा सिद्धांत आपण सर्वांनी वाचलेला आहे. सवय वस्तूंना गिळून टाकते. कलेने त्या पुन्हा जाणवतील अशा कराव्यात. मी हा सिद्धांत वीस वर्षे निःशंकपणे शिकवला. दापोड्यानंतर त्याची दुसरी बाजू दिसली. सवय ही शत्रू आहे असे म्हणणे ज्यांना सवय लागू शकते त्यांनाच परवडते. अंगावरचा सदरा पाच मिनिटांत विसरणे, पंख्याचा आवाज मागे पडणे, शटर दहाव्यांदा वाजले तर मान न वळवणे, ही सामान्य मज्जासंस्थेची दया आहे. काही मुलांना ती पुरेशी मिळत नाही. त्यांच्यासाठी शिवण दिवसभर काचत राहते, शटर प्रत्येक वेळी पहिल्यांदाच पडते. जग सतत ‘जाणवत’ राहणे ही त्यांच्यासाठी कलानुभूती नव्हे, थकवा आहे. आणि याच्या अगदी उलट, काही मुलांना जाणवतेच कमी. चटका बसला तरी हात उशिरा मागे येतो. एकाच मुलात हे दोन्ही असू शकते, आवाज जास्त आणि उजवा हात कमी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे: त्या कुटुंबाला शब्द हवेत की उपचार? उपचार हवेत, यात शंका नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या-शाळांतून मुलांची तपासणी आणि जिल्हा पातळीवर लवकर उपचाराची केंद्रे यांची योजना आहे; तिचा आग्रह धरायला हवा. या शास्त्राचा आपल्याकडचा इतिहासही छोटा नाही. १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. साहित्याच्या वाचकांना त्यांची ओळख दुसऱ्या वाटेनेही पटेल. लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई, आणि फलटणचे ‘कमला निंबकर बालभवन’ त्यांच्याच नावाचे. पण इथेही एक भाषिक अडचण आहे. ‘व्यवसायोपचार’ म्हटले की ऐकणाऱ्याला नोकरीधंद्याचे प्रशिक्षण वाटते. मूळ कल्पनेतला व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्यांनी भरतो ती सारी कामे: जेवणे, आंघोळ, कपडे घालणे, खेळणे. माझ्या विद्यार्थिनीच्या घरच्यांनी “सात वर्षांच्या पोराला कसला व्यवसाय?” म्हणून एकदा ती चिठ्ठी बाजूला ठेवली होती. एका भाषांतराची एवढी किंमत.

संवेदनांच्या उपचारांविषयीही भाबडेपणा नको. अमेरिकेतील जीन आयर्स यांनी १९७२ च्या ग्रंथात संवेदनांच्या एकात्मतेचा सिद्धांत मांडला, तो मुख्यतः शिकण्यात अडचणी येणाऱ्या मुलांसाठी. सेरेब्रल पाल्सीत निव्वळ झोपाळे आणि ब्रश फिरवण्याने हालचाल सुधारते याला भक्कम पुरावा नाही; मुलाला जे करायचे आहे तेच काम, त्याच्याच घरात, पुन्हा पुन्हा करून पाहण्याच्या बाजूने पुरावा अधिक आहे. मग संवेदना समजून घेण्याचा उपयोग काय? उपयोग असा की ते काम कुठे अडते ते कळते. भरवण्याच्या वेळी शटरकडचे दार लोटून घेणे, हात लावण्याआधी नाव घेणे, पाय टेकतील अशा उंचीवर बसवणे, खेळणे नजरेच्या टप्प्यात ठेवणे, यांना पैसे लागत नाहीत. डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोतील खेड्यातल्या अनुभवावरून १९८७ साली लिहिलेले ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ हे जाड पुस्तक अशाच रेखाचित्रांनी भरलेले आहे. झिंबाब्वेत कागद-पुठ्ठ्याचे थर चिकटवून अशा मुलांच्या खुर्च्या करण्याची पद्धत रुजली. दापोड्यात पुठ्ठ्याला तोटा आहे असे कुणी म्हणणार नाही.

माझ्या विद्यार्थिनीने केले ते असे. प्रतिमांच्या टिपणासाठी घेतलेली वही तिने बहिणीला दिली आणि सांगितले, ‘हट्ट केला’ असे लिहायचे नाही. काय झाले, कशाचा आवाज होता, काय लागले, कोणत्या हाताला, ते लिही. आधी नोंदी दोन शब्दांच्या होत्या. महिन्याभरात त्यांत आईचे स्वतःचे शब्द आले. ‘भात फडफडीत होता तर खाल्ला, कालवण ओतून चिखल झाला तर नाही.’ ‘डावीकडून आले तर हसतो, उजवीकडून आले तर दचकतो.’ ही वही घेऊन ती उपचारतज्ज्ञांकडे गेली तेव्हा पहिल्यांदाच तिला कुणी मधे तोडले नाही. ‘उजवीकडून’ या एका शब्दावरून डोळ्यांची तपासणी सांगितली गेली. मेंदूतील इजेमुळे एका बाजूचे दिसणे कमी असू शकते, हे तोवर कुणी तिला विचारले नव्हते. चांगल्या समीक्षेत मी हेच मागतो: मत देण्याआधी संहिता नीट वाचलेली असावी.

परंतु इथे मलाच माझ्या उत्साहाला आवर घालावा लागतो. काही आठवड्यांपूर्वी पुन्हा गेलो, तेव्हा मुलाने दूरदर्शन संच बंद केल्यावर आरडाओरडा केला. मी पंडिती थाटात म्हणालो, अचानक शांतता झाली म्हणून असेल. आई हसली. “नाही हो सर, त्याला तेच कार्टून बघायचं होतं.” तिचे बरोबर होते. आपल्याकडे राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट यांचा एकत्र उल्लेख करतात. बालहट्ट हा मुलाचा मान आहे, घराने पुरवण्याची किंवा निदान कौतुकाने नाकारण्याची गोष्ट. ज्या मुलाचे प्रत्येक दुःख हट्ट म्हणून निकालात निघते, त्याचा खरा हट्टही कुणाला ओळखू येत नाही. आणि त्याचा प्रत्येक हट्ट आपण मज्जासंस्थेच्या खात्यावर टाकला, तर इच्छा असण्याचा त्याचा हक्कही जातो. दोन्हीकडे माणूस हरवतो.

म्हणून ‘हट्टी’ हा शब्द कोशातून काढावा असे माझे म्हणणे नाही. तो कमवावा लागला पाहिजे. कानाचे, कातडीचे, जिभेचे, तोलाचे सगळे प्रश्न विचारून झाल्यावर, आणि तरीही मूल ‘नाही’ म्हणत असेल, तर खुशाल म्हणावे हट्टी आहे. आणि जरा अभिमानाने म्हणावे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील, आणि त्यांच्या वर्गात असे मूल येईल, कारण कायद्याने त्याला यायचा हक्क आहे. त्यांनी पहिल्या दिवशी “चालतो का?” ऐवजी “त्याला काय काचते?” असे विचारले, तर प्रतिमांचे ते तास वाया गेले नाहीत असे मी समजेन.